सोडून दिलेले चार फेरे

सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. विभागप्रमुखांनी तीनदा खूण केली आणि तिन्ही वेळा मी मान खाली घातली. शेवटी त्यांनीच सांगून टाकलं की सुमनबाईंना भावना आवरत नाहीयेत. भावना मला चांगल्या आवरत होत्या. आवरत नव्हता तो राग. पण शोकसभा ही राग काढायची जागा नव्हे, एवढं मला कळतं.

टेबलावर ठेवलेला तुमचा फोटो त्या इमारतीच्या उद्घाटनाचा होता. शेजारचे दोघे कापून टाकले होते, पण त्यातल्या एकाचा हात तुमच्या खांद्यावर तसाच राहून गेला होता. बोलायला उठलेला प्रत्येक जण त्या इमारतीबद्दल बोलला. भूकंप थोपवणारा माणूस, असं कुणीतरी म्हणालं. तुम्ही ते ऐकलं असतं तर चष्मा काढून पुसत बसला असता. उत्तर द्यायचं नसलं की तुम्ही तेच करायचात.

मी तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा माझ्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होता, आणि निजामाच्या या जुन्या शहरात, दिलसुखनगरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं होतो. तुमच्या प्रकल्पावर टेक्निशियनची जागा होती, तीही तात्पुरती. पहिला महिनाभर आपण इंग्रजीत बोललो. तुमचं इंग्रजी बरं होतं, माझं घाबरट. एक दिवस स्टॉपवॉच बंद पडलं म्हणून मी मशीनपाशी उभी राहून तोंडानंच सेकंद मोजत होते, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. तुम्ही मागे येऊन थांबला होतात.

"मराठी का तुम्ही?"

"हौ सर. बिलोलीकडचे आम्ही."

"मग महिनाभर आपण कायकू इंग्रजीत मरायलोय?"

तुम्ही गावाचं नाव विचारलंत आणि पुढं काही विचारलं नाहीत. गावात घर कोणत्या बाजूला, हा पुढचा प्रश्न आमच्या लोकांना पाठ असतो. आपल्याकडचा माणूस भेटला की तो विचारणारच, आणि उत्तर मिळालं की त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटून जातं. तुमचं घराणं जमीनजुमल्याचं, निजामाच्या काळापासूनचं. तुम्ही विचारलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. तुमच्यावर रागावणं मला एवढं जड गेलं, त्याचं हेही एक कारण आहे.

आपण काय करतो ते मी आईला असं समजावलं होतं: स्कूटरला शॉकअप असतो ना, तसाच हा डॅम्पर. आत तेल, आणि तेलात पिठासारखी बारीक लोखंडाची पूड. वायरीतून करंट सोडला की ते तेल डोळ्याचं पातं लवायच्या आत घट्ट होतं, करंट बंद केला की पुन्हा पातळ. असे डॅम्पर इमारतीत बसवायचे. भूकंपात इमारत हलायला लागली की किती घट्ट व्हायचं ते कॉम्प्युटर सांगणार आणि हादरा तेलातच जिरणार. आई म्हणाली, "आन् लाइट गेल्यावर?"

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. वही उघडलीत आणि लिहिलंत: सुमनबाईंच्या आईंचा प्रश्न, बॅटरी.

कॉम्प्युटरनं हुकूम द्यायचा तर त्याला आधी डॅम्परचा स्वभाव कळायला हवा. कोणत्या वेगाला, किती करंटला तो किती जोर लावतो. त्या स्वभावाचं गणित मांडायचं, हे तुमचं काम. त्यालाच तुम्ही मॉडेल म्हणायचात. गणित अवघड होतं, कारण डॅम्परचा दांडा पुढं जाताना ग्राफवर एक रेघ यायची आणि त्याच वेगानं मागं येताना दुसरी. दोन्ही मिळून एक फास व्हायचा. "बघा," तुम्ही म्हणायचात, "आत्ता काय चाललंय तेवढ्यावर याचं भागत नाही. मघाशी काय झालं होतं तेही धरून बसतो." मी मशीनवर डॅम्पर चालवून खरा फास काढायचा, तुम्ही कॉम्प्युटरवर गणितातला काढायचा, आणि खरा ट्रेसिंग पेपरवर उतरवून गणितातल्यावर ठेवून पाहायचं. दोन फास जुळेनात. कित्येक महिने जुळेनात. मग एका दुपारी तुम्ही दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावलेत आणि तिथून हललाच नाहीत. मला वाटलं, पुन्हा फसलं. जवळ जाऊन पाहिलं तर दोन रेघांची एक रेघ झाली होती.

"सुमनबाई, कॅन्टीनमध्ये सगळ्यांना च्या सांगा," म्हणालात. मग म्हणालात, "नक्को. थांबा. आधी आपण दोघं पिऊ."

त्या दिवसांतलंच सांगते. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तुम्ही मला जुन्या प्रिंटआउटांच्या पाठीवर गणित शिकवायचात. नोकरी करता करता देता येते ती इंजिनिअरिंगची परीक्षा मी द्यावी, हा तुमचाच हट्ट. मी दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "मीटर वाचणारे पुष्कळ मिळतात, बाई. मीटरवर शंका घेणारं माणूस मला पाहिजे." तिसऱ्या वेळी पास झाले, तेव्हा माझ्या घरी पेढे तुम्ही घेऊन आलात. आमच्या खोलीत खुर्ची एकच होती. तुम्ही सतरंजीवर बसलात आणि आईनं केलेली आंबाडीची भाजी दोनदा मागून घेतलीत.

शंका घ्यायला तुम्हीच शिकवलंत, एवढं ध्यानात असू द्या.

हे सगळं कशासाठी चाललंय ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. उमरग्याकडच्या एका खेड्यात तुमची थोरली बहीण राहायची. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती तिच्यावर आणि तिच्या नातवंडांवर पडल्या. तुम्ही पोचलात तेव्हा दगड उपसणं चालू होतं. एवढं सांगून तुम्ही दांड्याचं तेल पुसत राहिलात.

खूप दिवसांनी मी विचारलं होतं, "सर, मग हे आपल्या गावाकडच्या घरांना कसं लावायचं?" दगडमातीच्या भिंतीला डॅम्पर कुठं बसवणार, कॉम्प्युटर कुठं ठेवणार? तुम्ही इतके चिडलात की हातातली पेन्सिल टेबलावर आपटलीत. "आधी कुठंतरी एका तरी घराला लागू द्या की!" तो वाद तिथंच राहिला. मला वाटायचं, कधीतरी निवांत बसून पुरा करू. तुमच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं, पण दोघांनी मिळून शोधलं असतं.

मग ती उन्हाळ्याची सुट्टी आली. डॅम्पर दोन महिने स्टोअरमध्ये पडून राहिला. जूनमध्ये मी तो मशीनवर चढवला, तर पहिल्या फेऱ्याला, म्हणजे दांडा एकदा पुढं जाऊन मागं आला तेव्हा, फास आलाच नाही. रेघ आधी मेल्यासारखी सपाट गेली, मग एकदम उसळली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फेऱ्यातही तसंच वेडंवाकडं. पाचव्यापासून ओळखीचा फास. लोखंडाची पूड तळाशी बसली होती आणि हलून हलून ती परत तेलात मिसळायला चार फेरे लागत होते. मी डॅम्पर काढून ठेवला, काही आठवड्यांनी परत लावला. तेच. आणखी एकदा केलं. तेच.

तुम्ही कागद पाहिलात आणि म्हणालात, "पहिले चार सोडून द्या. वॉर्मअप म्हणून धरा."

"सर, भूकंप वॉर्मअप देतो का?"

तुम्ही चष्मा काढलात.

मला खरंच वाटलं होतं, तुम्ही वही उघडाल. पण तोवर दिवस बदलले होते. सरकारी अनुदान आटत चाललं होतं आणि संस्थेला आपलं आपण कमवा असं वरून सांगण्यात येत होतं. गावाबाहेर खडक फोडून काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. माझा धाकटा भाऊ दिलसुखनगरमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स करत होता, आणि त्याच्या वर्गातला प्रत्येक जण अमेरिकेला निघाला होता. तशात एक दिवस एका बिल्डरचा माणूस विभागात आला. परदेशी कंपन्यांना भाड्यानं द्यायची इमारत होती, आणि परदेशी पाहुण्यांना दाखवायला त्यांना काहीतरी पाहिजे होतं. तुमचं मॉडेल, तुमचे डॅम्पर. तुमचा प्रकल्प बंद पडायला दोन महिने उरले होते.

चाचणीच्या अहवालावर दोन सह्या लागत होत्या, तुमची आणि चाचणी घेणाऱ्याची. तुम्ही कागद माझ्यासमोर ठेवलात. सगळे फास देखणे, पाचव्या फेऱ्यापासूनचे.

"ते चार फेरे कुठायत, सर?"

"परिशिष्टात घालू. दर महिन्याला दांडा हलवायची सूचनाही तिथंच देऊ."

"परिशिष्ट कुठाय?"

"सुमनबाई, ही ऑर्डर गेली तर लॅब गेली. तुमची जागाही या कामावरच आहे."

हे तुम्ही धमकी म्हणून म्हणाला नाहीत, मला माहीत आहे. अगदी हळू म्हणालात. धमकी दिली असती तर मी उठून गेले असते. तुम्ही माझी काळजी केलीत आणि मी सही केली. परिशिष्ट निघालं नाही. सहा महिन्यांत माझी जागा कायम झाली. आईनं गल्लीत साखर वाटली.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी बदली मागितली आणि खालच्या मजल्यावरच्या काँक्रीट लॅबमध्ये गेले. तिथं काँक्रीटचे ठोकळे मशीनखाली फोडायचे आणि ते किती जोराला फुटले ते लिहायचं, एवढंच काम. एकाच इमारतीत आपण तीन वर्षं नुसता नमस्कार करत राहिलो. तुम्ही जिन्यावरून उतरताना दिसलात की मी रजिस्टरमध्ये डोकं घालायची. तुम्ही हळूहळू वाळत गेलात तेही मी डोकं घातलेलं असतानाच पाहिलं.

एकदाच तुम्ही खाली आलात. दारातच उभे राहिलात.

"मॉडेलच्या समीकरणात एक नवं पद घातलंय," म्हणालात. "पडून राहिल्याचं. पूड किती खाली बसलीय ते धरून चालतं. पहिले फेरे जवळपास येतात आता. जरा वर येऊन बघता का?"

मी मशीन बंद केलं नाही. "आता कुणासाठी, सर?" म्हटलं. ठोकळा फुटला, त्याचा आवाज झाला. मी आकडा लिहिला आणि वर पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

तेच आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर फक्त तुमच्या हार्ट अटॅकची बातमी आली.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या इमारतीत गेले. इतकी वर्षं टाळलं होतं. पार्किंगच्या मजल्यावर, दोन तिरक्या लोखंडी खांबांच्या मधे, पाहुण्यांना दिसावेत म्हणून काचेआड ठेवलेले आपले डॅम्पर. पितळी पाटीवर तुमचं नाव. मी काचेला नाक लावून पाहिलं. वायरी गुंडाळून, वर काळी टेप मारून एका बाजूला बांधून ठेवल्या होत्या. तिथला सुपरवायझर जवळ आला, मध्यम वयाचा, मनानं बरा माणूस.

"करंट कुठून येतो याला?" मी विचारलं.

"करंट? करंट ईच नै है मॅडम इसमें. शो का है ना ये. पैले दिन लगाये थे, फोटू हुआ, निकाल दिये."

करंट नसला की आपला डॅम्पर म्हणजे नुसती पातळ तेलाची नळी. तेवढा मोठा हादरा तो काय थोपवणार! आणि पूड तर केव्हाच तळाशी गेलेली. चार फेऱ्यांसाठी मी तुमच्याशी बोलणं सोडलं, आणि इथं पाचवा फेराही कधी येणार नव्हता. मला हसू आलं, सर. तो माणूस घाबरला. त्यानं मला स्टूल दिलं.

"वो बुड्ढे साब बी ऐसेच बैठते थे," तो पाटीकडे बोट करून म्हणाला. "दो साल से आते थे. करंट लगाओ बोलके मॅनेजर साब से झगड़ते थे. लिख लिख के देते थे. फिर ऊपर से ऑर्डर आया, इनकू गेट पेच रोक दो. तो बी आते थे. बाहर खड़े रैते थे."

मी तिथंच बसून राहिले. तुम्हाला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. मी खाली ठोकळे फोडत होते, आणि तुम्ही उन्हात त्या फाटकाबाहेर उभे राहत होतात. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत.

तिथून मी थेट नारायणगुड्याला तुमच्या घरी गेले. काकू दिवाणखान्यात एकट्याच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या सहीचा तो अहवाल मी मागं घेतेय. चार फेऱ्यांचे कागद माझ्याकडे आहेत, ते जोडून इमारतीच्या मालकाला, पालिकेला आणि आपल्या विभागाला पत्र पाठवतेय. त्या इमारतीत रोज माणसं कामाला येतात.

काकूंनी ऐकून घेतलं. उठून कपाटातून एक फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली. तुमच्या पत्रांच्या प्रती. पहिली नम्र, मग कडक, मग पुन्हा नम्र. प्रत्येकात एकच वाक्य: चाचणीतील त्रुटीची सर्व जबाबदारी माझी एकट्याची आहे.

"तुमचं नाव कुठं येऊ दिलं नाही त्यांनी," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, सुमनला सांगा, ती येईल बरोबर. तर म्हणाले, तिच्या नोकरीला धक्का नको."

सर, हे मी तुम्हाला कसं माफ करू? मी सही केली होती. शाई माझी, हात माझा. माझी चूकसुद्धा तुम्ही माझ्याकडे राहू दिली नाहीत. दोघांच्या सहीनं पत्र गेलं असतं तर कदाचित कुणी उघडून पाहिलं असतं. तीन वर्षं मी तुम्हाला भित्रा समजत होते, आणि भित्री मीच निघाले. तेही तुम्ही मला कळू दिलं नाहीत.

"पत्र पाठवू नका, बाई," काकू म्हणाल्या. "लोक त्यांचं नाव घेतात ते त्या इमारतीमुळंच. आता दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

"काकू, त्यांना स्वतःलाच ते नको होतं. ही पत्रं बघा ना."

"ती मी बघितलीत. ती घेऊन ते झिजत गेले तेही बघितलंय." त्यांनी फाइल माझ्या मांडीवरून उचलली. "पाठवलंत तर या घरी येऊ नका."

पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले.

दुसऱ्या दिवशी मी पत्र रजिस्टर पोस्टानं टाकलं. तुमच्या पत्रांचाही उल्लेख केला, कारण ती खरी आहेत. विभागप्रमुखांनी बोलावून विचारलं, इतकी वर्षं गप्प होतात, आता मेलेल्या माणसाच्या नावाला कशाला हात घालताय? माझ्यावर खुलासा मागणारा मेमो निघालाय. मालकाकडून उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही. मॉडेलमधलं ते नवं पद तुमच्या कॉम्प्युटरवर होतं आणि कॉम्प्युटर आता नव्या लेक्चररला दिलाय. त्यानं त्यातलं सगळं पुसून टाकलं म्हणतात. पहिले फेरे जवळपास येतात म्हणाला होतात. किती जवळ, ते मला आता कधीच कळणार नाही.

तुमच्या तेराव्याचं बोलावणं विभागात सगळ्यांना आलं, मला आलं नाही. सगळे नारायणगुड्याला गेले आणि मी लॅब उघडली. दुपारी एका कंत्राटदाराचा इंजिनिअर ठोकळे घेऊन आला, कुठल्याशा शाळेच्या इमारतीचे. मी तीन फोडले. दोन चांगले भरले, तिसरा फारच कमी जोराला फुटला.

"मॅडम, वो एक छोड़ दो ना," तो म्हणाला. "दो तो बराबर है."

मी तिन्ही आकडे लिहिले आणि खाली सही केली. त्यानं कागद हातात घेतला.

"सब लॅब वाले छोड़ देते जी," तो वैतागून म्हणाला. "तुमकू कौन सिखाया ये?"

मी तुमचं नाव सांगितलं.